दोनला जंगलजेटी, तीनला किचन बंद: सागरी महामार्गावरचं माशांचं जेवण

चारचाकी | शनिवार, रात्री 9:10

मुक्काम आंजर्ले. पोट भरलेलं आहे, मन नाही. म्हणून हा धागा.

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि सासूबाई. बेत असा: ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर, मग समुद्राच्या कडेकडेने तीन दिवसांत मालवण. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लग्नानंतर चाळीस वर्षं सदाशिव पेठेत काढलेली. त्यांची मागणी एकच: तिरफळ (जीभ झिणझिणवणारा कोकणी मसाला) घातलेलं बांगड्याचं तिखलं, तेही त्या बाजूचं पाणी प्यायलेल्या बाईच्या हातचं.

हरिहरेश्वरला पावणेबाराला दर्शन झालं. तिथे दोन-तीन घरांवर 'घरगुती जेवण' अशा पाट्या होत्या, तळणीचा वासही येत होता. बायको म्हणाली, इथेच बसू. मी शहाणा. म्हटलं, आधी खाडी ओलांडू, पलीकडे निवांत जेवू. बागमांडल्याला पोचलो तर डोळ्यांदेखत जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, सुटली. रांगेत आमच्या पुढे बारा गाड्या. पुढच्या बोटीत जागा मिळेपर्यंत दोन वाजले. वेसवीला उतरून रस्त्याला लागलो तर पहिल्या ठिकाणी जेवण संपलेलं, दुसऱ्या ठिकाणी मावशी भांडी घासत होत्या. तिसरं ठिकाण मोठ्ठं, दिव्यांच्या माळा, पार्किंग, बाहेर फळ्यावर अकरा प्रकारचे मासे. आत आम्ही चौघंच.

सुरमई थाळी, 450 रुपये. ऑर्डर दिल्यावर सात-आठ मिनिटांत ताट समोर. रव्याच्या चिलखतात एक तुकडी, आत तपकिरी, कोरडं मांस. सासूबाईंनी चिलखत बाजूला केलं, बोटाने तुकडी उकलली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही सुरमय नाय, गेदर आसा." (गेदर म्हणजे ट्यूनाच्या जातीचा मासा.) आणि वरणभात मागवला. पुढे आंजर्ल्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

उद्या दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड, रात्री गणपतीपुळे. दुपारचं जेवण हुकायला नको. जाणकारांनी सांगा.

---

तिरफळ | शनिवार, रात्री 9:31

सासूबाईंना माझा दंडवत. तुकडी बघून गेदर ओळखणारी बाई गाडीत असताना तुम्ही फळा बघून हॉटेलात शिरलात?

गेदर वाईट नाही हो. आम्ही आवडीने खातो, त्याचं सुकं फार सुंदर होतं. पण तो सुरमईच्या भावात विकला की राग येतो. सुरमईचं मांस पांढरं असतं, शिजल्यावर पाकळ्या सुटतात. तुकडी तपकिरी आणि कोरडी निघाली तर समजून जा.

आणि रवा! रवा लावतातच कशाला? तांदळाचं पीठ, मसाला, मीठ, आगळ (कोकमाचा रस). बस. जाड रव्याखाली काय काय लपवता येतं ते तुम्ही आज बघितलंत.

---

घाटावरचा | शनिवार, रात्री 9:40

रवा कुरकुरीत लागतो. आमच्या कोल्हापुरात सगळे रवाच लावतात.

---

तिरफळ | शनिवार, रात्री 9:42

म्हणूनच तुमच्याकडे तांबडा-पांढरा खावा आणि आमच्याकडे मासे.

---

संपादक | शनिवार, रात्री 9:58

हॉटेलचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. बाकीच्यांनीही नाव घेऊन तक्रारी करू नयेत. रवा-पीठ वादासाठी वेगळा धागा आधीच आहे, 212 प्रतिसाद झालेत.

---

बंदरावरचा | शनिवार, रात्री 10:15

दापोली तालुक्यातला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमची चूक हॉटेल निवडण्यात झालीच, पण खरी चूक वेळेत झाली. आमच्या बाजूला घरगुती जेवण म्हणजे हॉटेल नव्हे. ती बाई सकाळी आठ-नऊला बंदरावर किंवा दारावर आलेल्या मासेवालीकडून मासळी घेते. किती घ्यायची ते कशावर ठरतं? फोन किती आले त्यावर. दहा ताटं सांगितली असतील तर ती बारांची तयारी करते. बारा ताटं उठली की चूल बंद. तीन वाजता तिच्याकडे मासे उरलेले नाहीत, याचा अर्थ ती शिळं ठेवत नाही. तिसऱ्या ठिकाणी तीन वाजताही अकरा प्रकारचे मासे असतील, तर ते कुठून येतात याचा विचार करा. डीप फ्रीजर.

म्हणून: सकाळी दहाच्या आत फोन. किती माणसं, किती वाजता, लहान मूल आहे का, तिखट किती. आणि "सुरमई आहे का?" असं विचारू नका. "आज काय आलंय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला धंदेवाईक माणूस "आहे" म्हणतो. दुसऱ्याला त्याला खरं काहीतरी सांगावं लागतं.

जंगलजेटीचं गणित वेगळंच. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास रांगेत गेला असं धरूनच चाला. तुमच्या उद्याच्या वाटेवर दोन खाड्या आहेत, वाशिष्ठी आणि शास्त्री. जेवण या दोन्हींच्या मध्ये ठेवा, म्हणजे गुहागर ते तवसाळच्या पट्ट्यात. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, कुठेही. आज खाडीच्या अलीकडे जेवण तयार होतं आणि तुम्ही ते सोडून पाण्यात उतरलात.

आणखी एक. आमच्या इकडच्या बऱ्याच होड्या शुक्रवारी बंद असतात, कारण खलाशी आणि मालक नमाजाला जातात. शनिवारी सकाळी माल कमीच असतो. उद्या रविवार आहे, बरं मिळेल.

---

काटेकोर | शनिवार, रात्री 10:50

वरच्या प्रतिसादाला +1. थोडी आरोग्याची बाजू जोडतो.

माशाने 'बाधलं' म्हणतात त्यात एक प्रकार असा असतो की तो ताज्या दिसणाऱ्या, नीट तळलेल्या माशानेही होतो. बांगडा, गेदर, कुपा, तारली या जातींच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. पकडल्यावर मासा लगेच बर्फात गेला नाही, तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून, काहीही करून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्तासारखं उठतं. लोक म्हणतात, "मला बांगड्याची ॲलर्जी आहे." पुष्कळदा दोष बांगड्याचा नसतो, उन्हात राहिलेल्या टोपलीचा असतो. घास तोंडात घेतल्यावर जिभेला मिरीसारखं चुरचुरलं, तर तिथेच थांबा.

म्हणून प्रवासात बांगडा खायचा तर बंदराजवळ, दुपारीच. रात्री दहाला हायवेवर नको.

---

शिवराक | शनिवार, रात्री 11:05

मी शाकाहारी, नवरा मासेखाऊ, अकरा वर्षं संसार. कोकणातल्या प्रत्येक माशांच्या खानावळीत मला काय मिळतं ते ऐका: बटाट्याची भाजी, वरणभात आणि सहानुभूती.

पण फोन करताना "एक ताट शाकाहारी" एवढं सांगितलं की चित्र पालटतं. काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, एकदा तर काजूच्या ओल्या गरांची उसळ मिळाली. ती बघून नवऱ्याने स्वतःची थाळी अर्धी सोडली. तेल आणि तवा वेगळा हवा असेल तर तेही आधीच सांगा, आयत्या वेळी नाही. दुपारी एकला भरल्या स्वयंपाकघरात तवा वेगळा मागणाऱ्या पाहुण्याकडे ती बाई कशी बघते ते मी अनुभवलंय.

---

दूरदेशी | रविवार, पहाटे 3:20

लिस्बनहून. तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! इकडे जूनमध्ये सांत अँतोनियोच्या सणाला रस्त्यारस्त्यावर निखाऱ्यावर तारल्या भाजतात. सारडिन म्हणजे आपली तारलीच्याच कुळातली. वर जाडं मीठ, खाली पावाचा तुकडा, तेल त्या पावात उतरतं. मसाला शून्य. पहिल्या वर्षी मी पर्समधून लाल तिखट काढलं होतं, शेजारच्या आजीने हात धरला.

तुमच्याकडे जूनमध्ये मासेमारी बंद आणि इकडे तारल्यांची जत्रा, त्यामुळे आईशी फोनवर बोलताना दर वर्षी शिव्या खाते.

---

कोळीवाड्याची | रविवार, सकाळी 7:05

चारचाकी, मुलगी काट्यांचे मासे खाते का? नसेल तर मुडदुशे मिळतात का बघा. मऊ मासा आहे, मधला काटा उचलला की मोकळं. पापलेट, सरंगा सोपे, पण महाग. मांदेली कडक तळली तर काट्यासकट जाते, मुलांना वेफरसारखी आवडते.

---

तिरफळ | रविवार, सकाळी 7:12

पापलेट "आणि" सरंगा? तुमच्याकडे सरंगा म्हणजे मोठं पापलेटच ना?

---

कोळीवाड्याची | रविवार, सकाळी 7:15

आमच्याकडे हो, मोठं पापलेट. पण ते मालवणला जातायत, तुमच्याकडे सरंगा म्हटलं की हलवा देतात. म्हणून तुमच्या भाषेत लिहिलं. एवढी समजूत आहे आम्हाला.

---

तिरफळ | रविवार, सकाळी 7:16

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). शब्द मागे.

---

काटेकोर | रविवार, सकाळी 7:40

पापलेटावरून आठवलं. 2023 मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली, त्याहून लहान पिल्लं धरायची नाहीत. तरी थाळीत तळहाताएवढं 'बेबी पापलेट' कौतुकाने वाढलं जातं आणि आपण फोटो काढतो. ते पिल्लू एक हंगाम पाण्यात राहिलं असतं तर अंडी घातली असती. मी हल्ली ते परत पाठवतो. बायको म्हणते, परत पाठवून ते जिवंत होणार आहे का. मुद्दा तिचाही बरोबर आहे, पण पुढच्या वेळी ती खानावळ आणणार नाही, एवढीच आशा.

---

चारचाकी | रविवार, सकाळी 8:25

सगळ्यांचे आभार. आंजर्ल्याच्या घरमालकाने वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीतला नंबर दिला. आत्ताच फोन केला. शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आज काय आलंय?" पलीकडून मावशी: "सुरमय नाय. मुडदुशे हायत, मांदेली हाय. तिसऱ्या (शिंपल्या) गावल्या तर करीन, पन आज भांगाची ओहोटी, पानी लांब जायचं नाय. बघू. दीडच्या आत या."

भांगाची ओहोटी म्हणजे काय ते सासूबाई सांगतायत, पण मालवणीत आणि रागात. कोणी मराठीत सांगेल का?

---

बंदरावरचा | रविवार, सकाळी 8:44

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाणी खूप चढतं आणि तेवढंच लांब ओसरतं, खाडीतली वाळू उघडी पडते आणि बायका पाटी घेऊन तिसऱ्या वेचायला जातात. सप्तमी-अष्टमीला भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, त्यामुळे शिंपल्या कमी.

वेळ काढायची आमच्या आजोबांची रीत: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. भरती साधारण सव्वापाचला, त्याआधी सहा तास म्हणजे अकराच्या सुमाराला ओहोटी. तुमच्या मावशी अकराला खाडीत उतरणार, साडेबारापर्यंत चुलीवर ठेवणार. "दीडच्या आत या" हे उगाच नाही म्हणाल्या.

आत्ताच निघा. दाभोळची रांग वाढायच्या आत.

---

गोंयकार | रविवार, सकाळी 9:30

मालवणनंतर वेंगुर्ला, रेडी करून तेरेखोलला या की इकडे. शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेलं नुस्तं (मासे), वर किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर). आमच्याकडे दुपारी एकला अख्खा गोवा हेच जेवतो आणि मग झोपतो. चारला कोणी तुम्हाला मासे वाढले तर समजा तो गोंयकार नव्हे.

आणि पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी: पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी 1 जून ते 31 जुलै बंद. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या बोटी सुटतात. जुलैत तुमच्या ताटात मोठी सुरमई आली तर ती फ्रीजरमधली किंवा लांबून बर्फात आलेली. त्या दिवसांत खाडीची मासळी खावी, नाहीतर सुकं. सुक्या बांगड्याची किसमूर आणि पेज याला पावसात तोड नाही.

---

चारचाकी | रविवार, संध्याकाळी 7:50

गणपतीपुळे. आता नीट लिहितो.

साडेबाराला पोचलो. मुख्य रस्त्यावरून आत, जांभ्याच्या गडग्यामधून गाडी जेमतेम जाते. पाटी नाही. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, पडवीत दोन टेबलं आणि एक बाक. आमच्याखेरीज चिपळूणचं एक कुटुंब.

मावशी मागच्या दारी होत्या, साडी अजून घोट्याच्या वर खोचलेली, पायाला वाळू. तिसऱ्या ओंजळभरच मिळाल्या होत्या. विळीवर एकेक शिंपली उघडत होत्या. पातं फटीत घालायचं, मनगट किंचित वळवायचं, शिंपली दोन फाका होते आणि मांस एका फाकेवर राहतं, दुसरी फाक पाटीबाहेर. लेक शेजारी उकिडवी बसून मोजत होती. 43. तिला विचारलं तर आजही सांगेल.

ताट: मांदेली तांदळाच्या पिठात, कडक. मुडदुश्याचं कालवण, पातळ, लालसर, वर तेलाचा तवंग नाही. तिसऱ्यांचं सुकं चार जणांत वाटीभर, ओलं खोबरं सढळ. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट पानात, बोट भाजेल इतकी गरम. सोलकढी फिकट. मी विचारलं, रंग कमी का? म्हणाल्या, "आगळाचा रंग येवडाच असतो. गुलाबी पायजे तर बाजारात रंग मिलतो."

सुरमई नव्हती. पापलेट नव्हतं. दोन्हींची कोणाला आठवण आली नाही.

सासूबाई गप्प जेवत होत्या. मी घाबरलो होतो. शेवटी भातावर कालवण तिसऱ्यांदा घेतलं आणि मावशींना म्हणाल्या, "त्रिफळं नाय घातलात." मावशी म्हणाल्या, "मुडदुश्यात नाय घालत. बांगड्यात घालतात." सासूबाई: "ता माका म्हायत आसा. बघत होतंय, तुका म्हायत आसा काय." मग दोघी हसल्या आणि पुढचा पाऊण तास आम्ही बाकावर बसून होतो, कारण त्या दोघी मसाल्यात धणे किती यावर बोलत होत्या.

चार ताटं, एक अर्धं धरून, 1,100 रुपये. तवसाळला पुन्हा तासभर रांग. कोणी कुरकुरलं नाही. लेक झोपली, सासूबाईसुद्धा.

---

शिवराक | रविवार, रात्री 8:10

43 तिसऱ्या! लिहिलंय छान. विळीचं वर्णन वाचून माझ्या शाकाहारी अंगावर काटा आला तो भाग वेगळा.

---

तिरफळ | रविवार, रात्री 8:20

वाचून जीव निवला. पण चारचाकी, एक हिशोब चुकतोय. उद्या संध्याकाळी मालवण म्हणजे सोमवार. तुमच्या सासूबाई सोमवार पाळतात का, विचारलंत?

---

चारचाकी | रविवार, रात्री 8:24

विचारलं.

पाळतात.

---

घाटावरचा | रविवार, रात्री 8:26

अरारारा.

---

कोळीवाड्याची | रविवार, रात्री 8:31

तीन दिवस बांगड्यासाठी प्रवास आणि सोमवारी मालवण. बुकिंग करताना दिनदर्शिका कोणी बघितली होती? जावयाने, हो ना.

---

चारचाकी | सोमवार, रात्री 9:45

मालवण. दुपारी देवगडच्या अलीकडे शिवराकताईंचा सल्ला पाळून सगळ्यांनीच शाकाहारी जेवलो. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी. अजिबात तक्रार नाही.

संध्याकाळी सासूबाई मला घेऊन मासळी बाजारात. सोमवार म्हणून गिऱ्हाईक कमी, बायका निवांत. चार जणींकडचे बांगडे त्यांनी बघितले. कल्ला उचलायचा, लाल आहे का बघायचं, पोटावर अंगठा दाबायचा, खळगा राहिला की पुढे. पाचवीकडे थांबल्या. सहा बांगडे घेतले. खात नाहीत, पण हात लावायला सोमवारची हरकत नाही म्हणे.

लॉजवाल्याच्या बायकोने तिखलं करायचं कबूल केलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. तिरफळं ठेचून, बी काढून, शेवटी घालायची, आधी घातली तर कडू होतात, हे लॉजवाल्याच्या बायकोला माहीत होतं. तरी तिला ते दोनदा ऐकावं लागलं. आम्ही तिघांनी दोन-दोन बांगडे... म्हणजे लेकीने अर्धाच. मला शब्द सुचत नाहीत. जिभेवर ती बारीक झिणझिण अजून आहे. (काटेकोर, ती तिरफळाची, खात्री केली.)

मी म्हटलं, आई, फार वाईट वाटतंय, तुम्हालाच मिळालं नाही. तर म्हणाल्या, "वाईट कित्याक? तिखला रातभर मुरल्याशिवाय खाता कोण?"

दीड बांगडा आणि रस डब्यात घालून लॉजवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवलाय. डब्यावर लेकीने कागद चिकटवलाय: "आजीचा. मंगळवार सकाळ. हात लावू नये."